वास येतोय पाण्याला, आणि हा मोजतोय क्षार!

आमच्या पाण्याला वास येतोय. गढूळ नाही, खारट नाही, वास! ओल्या मातीचा, कुबट. चहा उकळला तरी तोच. परवा पाहुणे जेवायला होते, तर पांढऱ्या रश्श्याला तळ्याची चव. कोल्हापुरात पाहुण्यांसमोर पांढरा रस्सा बिघडला तर तोंड कुठं लपवायचं?

फिल्टरवाल्याला बोलावलं. त्यानं खिशातनं टीडीएस मीटर काढला, ग्लासात बुडवला. 140. "वैनी, आरओ घ्यायला लागंल." अरे भावा, लिटरमागं 500 मिलिग्रॅम क्षारांपर्यंत चालतं असं भारतीय मानकच सांगतंय! आणि तो मीटर पाण्यातनं वीज किती जाते त्यावरनं क्षारांचा अंदाज देतो. त्याला नाक आहे का?

मग साहेबांनी खेळ मांडला. दोन ग्लास, त्यात सळ्या, वायर प्लगला. बघता बघता आमच्या पाण्याचा तपकिरी चिखल, त्याच्या आरओच्या पाण्याला काही नाही. आत्तींनी तर पदरच तोंडाला लावला. अहो, तो चिखल सळीच्या लोखंडाचा! आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत तर वीज जाणार कशी? म्हटलं, टाक तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ. लगेच वायर गुंडाळायला लागला.

असला मातीचा वास बहुतेक वेळा जिओस्मिनचा. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि जिवाणू ते सोडतात. लिटरमागं 10 नॅनोग्रॅम असलं तरी माणसाला कळतं. क्लोरीनचा वास भांडं रात्रभर उघडं ठेवलं तरी कमी होतो, हा तसा जात नाही. तुरटीनं गाळ बसतो, यूव्हीनं जंतू मरतात. वास धरतो तो कार्बन, म्हणजे फिल्टरमधला कोळसा. शेजारच्या काकींनी वाळा घालायला सांगितला. घातला. वर वाळा, खाली तळं.

आणि कार्बन आमच्या मशिनात आहे की! भरला की वास धरत नाही, बदलायचा असतो, बास. एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, पैसे मोजून घेतोस, मागच्या वेळी नुसतं वरनं फडकं मारून सही घेऊन गेलास, तेव्हा आठवला नाही होय रे? आता म्हणे, "सुटा कार्बन मिळत नाही, अख्खं किट घ्या, नाहीतर आरओ." म्हणजे एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, आणि उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळायचं!

किट परवा येणार म्हणे. परवा म्हणजे नेमकं कधी विचारलं, तर फोन कट.