‘पुस्तकात नाही, म्हणजे मिळालेच नाही’ : पदकांच्या राहिलेल्या नोंदींविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे : डिस्चार्ज बुकमध्ये, म्हणजे सेवामुक्त होताना सैनिकाला मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, पदकाची नोंद नसेल तर ते पदक मिळालेलेच नाही असे समजावे, सेवानिवृत्तीनंतर नोंद बदलत नाही, पंचवीस वर्षांनी सगळे कागद नष्ट होतात, त्यामुळे अर्ज करण्यात अर्थ नाही, सैनिक वारला असेल तर घरच्यांना काही मागता येत नाही, आणि नोंद करून घेता आली तर पेन्शन वाढते, म्हणून हे काम ‘माहीतगार’ माणसाकडे सोपवावे.

माझी बहुतेक सेवा बटालियनच्या कार्यालयात कागदांमध्ये गेली आणि निवृत्तीनंतरही गावातल्या व आसपासच्या माजी सैनिकांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी करतो. या संदेशामुळे हक्काची नोंद मागायला गेलेली माणसे दारातूनच परत फिरलेली मी पाहिली आहेत. म्हणून त्यातले एकेक विधान घेऊन उत्तर देत आहे. त्यात जे खरे आहे ते खरे म्हणूनच सांगेन.

पहिले विधान डिस्चार्ज बुकाचे. हे पुस्तक मूळ नोंद नाही, ती नोंदीची प्रत आहे, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ हा फरक न कळण्यात आहे. सैनिक एखाद्या पदकाला पात्र ठरला की त्याची युनिट तसा दावा पुढे पाठवते, मंजुरीनंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीतला बदल कळवणारा लेखी आदेश, निघतो, आणि त्या ऑर्डरच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसमधल्या (सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातल्या) त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे मूळ सेवापत्रकात, नोंद होते. सेवामुक्तीच्या वेळी शीट रोलमधला तपशील डिस्चार्ज बुकात उतरवला जातो. म्हणजे पुस्तकात एखादे पदक दिसत नसेल तर गफलत तीनपैकी एका ठिकाणी झालेली असते : युनिटने दावा पाठवलाच नाही, ऑर्डर निघाला पण शीट रोलपर्यंत पोहोचला नाही, किंवा शीट रोलमध्ये नोंद आहे आणि पुस्तकात उतरवताना ती राहिली. तिसऱ्या प्रकारात दुरुस्ती सर्वांत सोपी असते, आणि दुर्दैवाने याच प्रकारातले लोक हा संदेश वाचून गप्प बसतात.

नोंद राहण्यामागे बहुतेक वेळा कोणाचा दुष्ट हेतू नसतो. १९६५ च्या युद्धासाठीची रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार ही पदके युद्ध संपल्यानंतर स्थापन झाली. १९७१ च्या युद्धासाठीच्या पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल या पदकांचेही तसेच. मधल्या काळात जो जवान घरी गेला, त्याच्या पुस्तकात त्या दिवशी अस्तित्वातच नसलेल्या पदकाची नोंद होणार कशी? त्या काळी राखीव दलात गेलेल्या जवानांना युद्धासाठी परत बोलावले जाई, मिळेल त्या युनिटमध्ये पाठवले जाई आणि काम संपल्यावर पुन्हा घरी सोडले जाई. अशा माणसाचे कागद त्याच्यामागे फिरत राहात. पुढच्या काळात मराठा किंवा महार रेजिमेंटचा जवान राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये जाऊन दोन-अडीच वर्षे काढून येऊ लागला, आणि तिथे मिळवलेल्या पदकाचा कागद मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचण्यावर सगळे अवलंबून राहिले. जखमी होऊन इस्पितळात गेलेल्यांचे हाल याहून जास्त, कारण युनिट पुढे निघून जाते आणि बरा झालेला माणूस दुसऱ्याच ठिकाणी हजर होतो. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध जवानाच्या पुस्तकात पश्चिम आघाडीचे एकही पदक नव्हते. मात्र त्याच्या ट्रंकेत लष्करी इस्पितळाची एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, जिच्यावर त्याची युनिट आणि डिसेंबर १९७१ मधली तारीख स्पष्ट वाचता येत होती. अर्जासोबत तिचीच प्रत गेली.

काही पदकांना तर वेगळा पुरावा शोधावाही लागत नाही. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना आणि पन्नासाव्या वर्षाचे पदक १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांना देण्यात आले. दीर्घ सेवेची पदके ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेसाठी आहेत. यांची नोंद नसेल, तर भरतीची आणि सेवामुक्तीची त्याच पुस्तकात लिहिलेली तारीख हाच पहिला पुरावा होय. पुस्तक उघडावे, या तारखा पडताळाव्यात आणि मग पदकांचे पान पाहावे.

इथे गोव्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ही चूक वारंवार होते. डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या कारवाईचे नाव ‘ऑपरेशन विजय’ होते, आणि १९९९ मधल्या कारगिलच्या कारवाईचेही नाव तेच ठेवले गेले. ‘ऑप विजय स्टार’ आणि ‘ऑप विजय मेडल’ ही पदके कारगिलच्या वेळची आहेत. १९६१ साली गोव्यात उतरलेल्या जवानासाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी, म्हणजे क्लास्प, असा सन्मान आहे. वडिलांनी गोव्यात कामगिरी केली म्हणून मुलगा ऑप विजय मेडलची मागणी करतो, उत्तर नकारार्थी येते, आणि ‘सरकार देत नाही’ असा समज घरात कायमचा बसतो. अर्ज नाकारला गेला तो पदकाचे नाव चुकल्यामुळे. पट्टीची नोंद राहिली असेल तर ती मागता येते, आणि मागावी.

दुसरे विधान, सेवानिवृत्तीनंतर नोंद बदलत नाही, हे या स्वरूपात चुकीचे आहे. पण त्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नीट वेगळा काढला पाहिजे. पदके दोन जातींची असतात. अमुक काळात अमुक ठिकाणी अमुक दिवस सेवा केली म्हणून मिळणारी पदके पात्रतेची असतात. अटी पूर्ण झाल्या की हक्क निर्माण होतो, आणि नोंद राहिली असेल तर दुरुस्ती म्हणजे झालेल्या गोष्टीची कागदावर दखल घेणे एवढेच असते. शौर्यपदकांचे तसे नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन होऊन १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू झाली. ती शिफारशीवर, छाननीनंतर आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेने दिली जातात आणि भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. राजपत्रात नाव आलेले असून सेवा-नोंदीत ते उतरले नसेल, तर राजपत्राची प्रत जोडून केलेला अर्ज भक्कम असतो. मात्र कमांडिंग ऑफिसरने शिफारस केली होती, सोबत्यांना ते माहीत होते, पण पुढे काही झाले नाही, अशा प्रकरणात नोंद राहिलेली नसते. सन्मानच दिला गेलेला नसतो. दशकांनंतर तो मिळवणे अत्यंत कठीण आहे आणि न्यायालयेही अशा निर्णयात सहसा हात घालत नाहीत. हे कटू असले तरी सांगितले पाहिजे, कारण संदेश लिहिणाऱ्याने या दुसऱ्या जातीचा अनुभव पहिल्या जातीवर लादला आहे आणि त्यामुळे साध्या पात्रतेची पदकेही लोक सोडून देत आहेत.

मुदतीचा प्रश्न निराळा. रेकॉर्ड ऑफिसकडे नोंद दुरुस्तीचा अर्ज सेवामुक्तीनंतरही करता येतो. प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे नेण्याची वेळ आली तर मुदत लागू होते : २००७ च्या कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिने, आणि पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. पण तीस वर्षे गप्प बसून नंतर थेट दावा लावणाऱ्याला विलंबाचे कारण विचारले जाणारच, म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज आणि त्याचे लेखी उत्तर हा क्रम मोडू नये.

तिसरे विधान कागद नष्ट होण्याचे, आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात ते यालाच. ज्यांना पेन्शन लागू झाली नाही अशा जवानांची सेवा-कागदपत्रे पंचवीस वर्षांच्या जतनकाळानंतर नष्ट केली जातात, हे खरे आहे. संदेशात मात्र हा नियम सगळ्यांना लावला आहे, आणि कागद गेले की पुरावा संपला असेही गृहीत धरले आहे. वास्तविक शीट रोल गेला तरी लाँग रोल हे जवानांच्या मूळ तपशिलाचे रजिस्टर कायम राखले जाते. युनिटच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळातल्या हालचालींच्या नोंदवह्या, संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात, आणि जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः पंचवीस वर्षांत खुली करावयाची आहेत. वॉर डायरीत प्रत्येक जवानाचे नाव नसते. परंतु युनिट त्या तारखेला कुठे होती हे तिथे असते, आणि जवान त्या तारखेला त्या युनिटमध्ये होता हे दुसऱ्या कागदाने दाखवता आले की दोन्ही मिळून पात्रता उभी राहते.

शिवाय खुद्द पदक. सरकारकडून मिळालेल्या गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेली असते. घरात असे पदक असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर कडेचा स्पष्ट फोटो अर्जाला जोडावा. याच कारणामुळे छावणीबाहेरच्या दुकानातून घेतलेले पदक पुरावा होऊ शकत नाही. पदके तयार होऊन हातात पडायला वर्षानुवर्षे लागत, म्हणून परेडसाठी कित्येक जवान दुकानातलीच लावत. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. उलट बाजूही लक्षात घ्यावी : हातात पदक कधीच आले नाही म्हणून नोंदही नसेल असे मानू नये. नोंद झालेली असू शकते आणि धातू मात्र यायचा राहिलेला असू शकतो.

आपल्या फाइलीत नेमके काय आहे हे कळण्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. सेना या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट दिलेल्या संघटनांमध्ये नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल आणि आसाम रायफल्स त्यात आहेत. दहा रुपये शुल्क भरून आपल्या शीट रोलची आणि पदकविषयक पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. माहितीचा अर्ज म्हणजे दुरुस्तीचा अर्ज नव्हे, एवढे भान ठेवावे. प्रत हाती आली की वर सांगितलेल्या तीनपैकी कोणत्या ठिकाणी गफलत झाली ते कळते, आणि दुरुस्तीचा अर्ज त्याप्रमाणे लिहिता येतो.

चौथे विधान, सैनिकाच्या मृत्यूनंतर घरच्यांना हक्क नाही, हे निखालस खोटे आहे. मरणोत्तर पदके वारसाच्याच हाती दिली जातात. नोंदीतला जवळचा वारस, म्हणजे बहुधा पत्नी, अर्ज करू शकते. ती हयात नसेल तर मुलांनी वारस असल्याचे कागद जोडावे लागतात. अडचण येते ती हक्काची नव्हे, नावाची. सैन्याच्या नोंदीत ‘पांडुरंग धोंडी’ एवढेच लिहिलेले असते आणि आधार कार्डावर आडनावासह वेगळेच काही असते. पत्नीचे नाव माहेरचे राहिलेले असते. पदकाच्या अर्जाआधी हा नावातला फरक मिटवला तर पुढचे हेलपाटे वाचतात.

अर्ज कुठे करावा हेही अनेकांना माहीत नसते. जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांची नोंद त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते : मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावात, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याची नाशिक रोड कॅम्पमध्ये, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपची पुण्याजवळ खडकीला, आर्मर्ड कोअरची अहिल्यानगरला. नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दला आणि वायुसैनिकांची दिल्लीत सुब्रोतो पार्कला असते. सेनाधिकाऱ्यांची दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहिण्यास आणि पुढे पाठवण्यास मदत करते, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

पाचवे विधान पैशाचे, आणि संदेशाचा खरा हेतू मला याच ओळीत दिसतो. मोहिमेच्या, दीर्घ सेवेच्या किंवा वर्धापनदिनाच्या पदकांनी पेन्शन एका रुपयानेही वाढत नाही. मासिक भत्ता शौर्यपदकांना असतो. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने तो परमवीर चक्रासाठी २०,०००, महावीर चक्रासाठी १०,०००, वीर चक्रासाठी ७,००० आणि सेना मेडलसाठी २,००० रुपये असा दुप्पट केला होता. मुलांच्या प्रवेशासाठीच्या प्राधान्यक्रमातही शौर्यपदकधारकांचा वेगळा गट आहे. म्हणून शौर्यपदकाच्या नोंदीला व्यवहारात किंमत आहे. जखमेसाठीच्या पराक्रम पदकाची नोंद ती जखम शत्रूच्या कारवाईत झाली याला दुजोरा देते, आणि म्हणून तीही राहू देऊ नये. पण संग्राम मेडलची नोंद करून देतो, पेन्शन वाढेल, असे सांगून कोणी हजारो रुपये मागत असेल तर तो त्या म्हाताऱ्या माणसाला फसवत आहे, एवढे स्वच्छ सांगितले पाहिजे. नव्वदीतल्या ज्या माणसाला हे पदक हवे असते, त्याला ते पैशासाठी हवे नसते. आपण तिथे होतो, हे आपल्या पश्चात नातवंडांना कागदावर वाचता यावे, एवढीच त्याची इच्छा असते.

शेवटची एक सूचना, जी संदेशात नाही पण त्याच्या परिणामातून आली आहे. ‘नोंद होतच नाही’ असे वाटून काही घरांत डिस्चार्ज बुकाच्या पानावर पदकाचे नाव स्वतःच पेनने लिहिलेले मी पाहिले आहे. असे कधीही करू नये. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिस दुरुस्त करते आणि तसे लेखी कळवते; ते पत्र पुस्तकासोबत जपून ठेवावे. घरच्या अक्षरातली एक ओळ त्या पानावर आली, तर खऱ्या असलेल्या बाकीच्या नोंदींकडेही तपासणारा संशयाने पाहू लागतो, आणि मग आधी ती ओळ कोणी व का लिहिली याचा खुलासा करावा लागतो.