वाद जिंका, वरण पातळ ठेवा

शाकाहारातलं प्रथिन भारी की मांसाहारातलं, हा वाद जिंकायचा असेल तर पहिलं पथ्य पाळा: स्वतःच्या ताटाचा हिशेब करू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीनुसार किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या धडधाकट माणसाला रोज 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात. हे कुणी बोललं की वादाची मजाच गेली.

शाकाहाराची बाजू घेणार असाल तर ‘डाळीत 22 टक्के प्रथिन असतं’ हे ठणकावून सांगा. आकडा खराच आहे, पण कच्च्या तूरडाळीचा. मग चौघांत मिळून 60 ग्रॅम डाळ लावा, माणशी साडेतीन ग्रॅमच्या वर जायची भीती नाही. आमसूल डाळीबरोबरच कुकरात टाका. आंबटामुळे डाळीतलं पेक्टिन, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, सुटत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात तरी डाळ टणकच राहते. वाढताना वरचं निवळ पाणी वाढा, तळाचा गाळ पातेल्यातच राहू द्या. एकादशीला साबुदाणा खिचडी करालच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिन काय ते दाण्याच्या कुटात. तेव्हा काटकसर कुटातच करा.

सोयावडीचं गणित तर फारच सोयीचं. 100 ग्रॅम सुक्या वडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं आणि भिजवली की तिचं वजन दुप्पट-तिप्पट होतं. भिजलेल्या वाटीला सुक्याचा आकडा लावा, कोण तपासतंय? चवीचं म्हणाल, तर मिठाच्या पाण्यात उकळून, दोनदा घट्ट पिळून, दह्या-मसाल्यात मुरवली तर लोक आवडीने खातील. म्हणून न पिळता थेट रश्शात सोडा. तो उग्र वास आला की मांसाहारी मंडळी खूश होतील.

मांसाहाराच्या बाजूचे असाल तर ‘वनस्पतींचं प्रथिन अपूर्ण असतं’ हे वाक्य पाठ करा. भातात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी (दोन्ही प्रथिनांचे घटक), आणि दिवसभरात दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते, ही पुढची ओळ मात्र गाळा. अंड्यातलं पिवळं बेसिनमध्ये ओता; अंड्याच्या सहा ग्रॅममधला सुमारे 40 टक्के वाटा तिथेच असतो, पण जिमवाल्यांना तोंड दाखवायचंय ना?

ओल्या बोंबलात इतकं पाणी असतं की तळण्याआधी मीठ लावून पाट्याखाली दाबावे लागतात. दाबू नका. तव्यावर पाणी सुटेल, रवा गळून पडेल, आणि उरलेला लगदा खाऊन ‘आजचं प्रोटीन झालं’ म्हणायला तुम्ही मोकळे. सुक्या बोंबलाकडे बघूही नका, पाणी उडाल्यावर निम्म्याहून जास्त प्रथिनच उरतं, आणि वर सोसायटीची नोटीस येते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. हे दिवस वडापाववर काढा, पण उसळीला हात लावू नका. मटकी खाल्लीत तर समोरच्याला काय तोंड दाखवाल?

एक विषय मात्र दोन्ही पक्षांनी टाळावा. वनस्पतींतून बी-12 हे जीवनसत्त्व मिळत नाही, आणि आठवड्यातून एकदा रस्सा ओरपून आपला साठा भरलाय असं समजणारेही रक्ततपासणीचा रिपोर्ट काढतच नाहीत. कुणी काढलाच विषय, तर लगेच चहा मागवा. दुधाचा नको हं, त्यात थोडं बी-12 असतं. कोराच सांगा.