'कुणाचा एवढा राग धरला होता मी?'

'दाबलेला राग यकृतात साठतो, भीती मूत्रपिंडात, दुःख फुप्फुसात. मनात अढी धरली की गाठ होते. ९० टक्के आजार मनाचेच. माफ करा, मोकळे व्हा, औषधं आपोआप सुटतील.' हा मजकूर घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. मावशीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं, त्याच आठवड्यात तो तिला तिघांनी पाठवला. रात्री तिने मला विचारलं, "कुणाचा एवढा राग धरला होता गं मी?" म्हणून हे लिहितेय.

आधी यातलं खरं ते सांगते. मनातली ओढाताण शरीराला भोगावी लागते. धास्तावल्यावर हातपाय गार पडतात, कारण अॅड्रेनॅलिनमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, हा भार नसलेल्या १३ बायका, सगळ्यांना तेवढीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. तेव्हा 'सगळं मनाचे खेळ' म्हणून कुणाचं दुखणं उडवून लावू नये.

पण 'यकृतात राग'? अवयवांना भावना वाटून देणारा हा तक्ता पारंपरिक चिनी वैद्यकातला आहे. यकृत बिघडतं ते दारूने, कावीळ बी आणि सी यांच्या विषाणूंनी, साठलेल्या चरबीने.

९० टक्के हा आकडा कुणी कसा मोजला, ते मजकुरात नाही. मनावर ढकललेल्या आजारांचं पुढे काय झालं, ते मात्र इतिहासात आहे. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर जठरातला अल्सर अंतर्मनातल्या झगड्याशी जोडत: आपल्याला कुणीतरी सांभाळावं ही ओढ एकीकडे, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा हट्ट दुसरीकडे. ऐकायला किती पटतं! कितीतरी रुग्णांनी दूध पीत, 'काळजी करू नका' ऐकत वर्षं काढली. मग १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी अशा रुग्णांच्या जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल तो स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आज बहुतेक अल्सर या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात हे माहीत आहे, आणि जिवाणूवर अँटिबायोटिक आहे.

आता गाठ. भावना दाबणाऱ्या स्वभावामुळे कॅन्सर होतो, असं सांगणारे शोधनिबंध मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या नावाने निघाले होते. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी करून त्यातले २६ भरवसा ठेवण्याजोगे नाहीत असं ठरवलं. २०१३ मध्ये युरोपातल्या सुमारे १ लाख १६ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा कामाच्या ताणाचा स्तन, फुप्फुस, आतडं किंवा प्रोस्टेट यांच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

मग मावशीच्या मनातल्या झगड्याने काहीच केलं नाही? केलं. गाठ तिच्या हाताला पाच महिने आधीच लागली होती. भीती म्हणत होती दाखव, लाज म्हणत होती नको, आणि घरात लेकाचं लग्न होतं. तिने अंगावर काढलं. आपल्याकडच्या कितीतरी बायका असंच करतात, आणि आम्ही घरातल्यांनीही तिला कधी विचारलं नाही. या मजकुराने तर अंगावर काढायला आणखी एक कारण दिलं: आधी मन साफ करा, मग बघू.

तिला मी एवढंच सांगितलं: मावशी, रागाने गाठ होत नाही. तू कुणालाही माफ करू नकोस हवं तर, पण २१ दिवसांनी पुढची केमो आहे, ती चुकवायची नाही. मी येतेय सोबत.