बाथचं गरम पाणी आणि आमच्या परड्यातली विहीर

लेक इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असतो. मे महिन्यात त्याच्याकडं गेले होते तेव्हा एक दिवस बाथला जाऊन आले, ट्रेननं जवळच आहे. परत येऊन महिना झाला तरी ते गाव डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय, लांबलंय थोडं, सवडीनं वाचा.

गावाचं नावच मुळी आंघोळ. जमिनीतून गरम पाणी वर येतं, ४६ डिग्री, म्हणजे बंबातल्या पाण्यासारखं, विसण घातल्याशिवाय अंगावर घेववणार नाही असं, आणि दिवसाला जवळजवळ ११ लाख ७० हजार लिटर! रोमन यायच्या आधीपासून तिथले लोक म्हणायचे की या झऱ्यावर सुलिस देवी आहे. मग रोमन आले, इसवी सन ६०-७० च्या सुमाराला देऊळ बांधायला घेतलं, पण जुन्या देवीला हाकललं नाही, आपल्या मिनर्व्हाचं नाव तिच्या नावाला जोडलं आणि गावाला म्हणाले अ‍ॅक्वे सुलिस, सुलिसचं पाणी. मला आपली ग्रामदेवताच आठवली, राज्य कुणाचंही येऊ दे, जागेची मालकीण तीच.

सगळ्यात जास्त वेळ मी उभी राहिले ती शिशाच्या छोट्या पत्र्यांपुढं. शंभराच्या वर सापडलेत. काही चोरीला गेलं की पत्र्यावर खरडून लिहायचं, गुंडाळी करायची आणि झऱ्यात देवीच्या स्वाधीन करायची. आंघोळीला आलेल्यांचे कपडे जायचे, अंगरखे जायचे, कुणाचे पैसे जायचे. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले तर त्यानं मागितलंय की चोराची बुद्धी जाऊ दे आणि डोळे जाऊ देत. दोन हातमोज्यांसाठी हो! आपलं गाऱ्हाणंच की हे. माझी आजी खानापूरकडची, कोंबडी गेली की अशीच देवळात जाऊन चोराला देवीच्या हवाली करून यायची, मग घरी येऊन निवांत भाकरी थापायला बसायची. काचेला नाक लावून ती बारीक ओरखड्यासारखी अक्षरं बघताना मला तिचाच आवाज ऐकू येत होता.

अठराव्या शतकात श्रीमंत लोक सांधेदुखीसाठी, हवापालटासाठी यायला लागले आणि आज फोटोत दिसतं ते पिवळट दगडाचं बाथ उभं राहिलं. रॉयल क्रेसेंट, अर्धचंद्रात ३० घरं, १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेली. पुलटेनी ब्रिजवर दोन्ही बाजूंना दुकानं, आपण नदीवर आहोत हे चालताना कळतच नाही. विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला तो इथल्याच एका घराच्या मागच्या बागेतून. सगळं देखणं आहे, पण माझं ऐकाल तर इमारती बघायला बाथला जाऊ नका, पाणी बघायला जा.

मोठ्या कुंडाच्या तळाला रोमनांनी घातलेला शिशाचा पत्रा अजून तसाच आहे. वर छप्पर नाही, ऊन लागून शेवाळ धरतं म्हणून पाणी हिरवंगार दिसतं. आत झऱ्याचं जादाचं पाणी दगडावरून वाहतं तिथं लोखंडाच्या अंशानं दगड नारिंगी झालाय, आणि ते पाणी रोमनांच्याच मोरीतून आजही एव्हन नदीला जातं. पण हात घालायचा नाही. १९७८ मध्ये त्या पाण्यात पोहलेली एक मुलगी संसर्गानं दगावली, तेव्हापासून तिथं उतरणं बंद. २००६ मध्ये शेजारी वेगळा स्पा सुरू झाला, तिथं तिकीट काढून डुंबता येतं. कारण पटतं, तरी मला कुंडाच्या काठावर हात मागं बांधून उभं राहणं फार जड गेलं. लहानपणी आजीबरोबर राजापूरच्या गंगेला गेलो की जवळच्या उन्हाळे गावच्या झऱ्यावर आंघोळ ठरलेली असायची, ती ऊब अजून अंगात आहे.

येताना ट्रेनमध्ये लेकानं सांगितलं ते तर मी विसरूच शकत नाही. मेंडिपच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडीतून अडीच किलोमीटरपेक्षा खोल मुरतो, तिथं तापतो आणि भेगेतून बाथमध्ये वर येतो, याला हजारो वर्षं लागतात. म्हणून त्या शहरात खोल खोदायचं झालं तर कौन्सिलची परवानगी लागते, झऱ्याचा दाब बिघडू नये म्हणून. आणि तसा कायदाच आहे!

इथं बेळगावात, शहापुरात आमच्या परड्यात विहीर आहे, आजेसासऱ्यांनी काढलेली. रहाटाच्या दोरानं काठाच्या दगडाला बोट जाईल एवढी खाच पडलीय. काही वर्षांमागं शेजारी अपार्टमेंट झालं, बोअर मारली आणि त्याच उन्हाळ्यात आम्हाला विहिरीचा तळ पहिल्यांदा दिसला, तळाशी सासूबाईंच्या हातून पडलेली पितळेची कळशी. आम्ही भांडलो नाही, पुढच्या वर्षी आम्हीही बोअर मारली. ते मला आता लागतंय. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो, १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खोदलेली, गांधीजी अध्यक्ष होते म्हणून सांगतो, आणि घरच्या विहिरीवर जाळी टाकून कुंड्या ठेवतो.

गेल्या रविवारी आमच्या विहिरीवरच्या कुंड्या काढल्या. दोराला दगड बांधून सोडला, अठ्ठावीस हातांवर पाणी लागलं. शहापूर, वडगाव, अनगोळला कुणाच्या परड्यात विहीर असेल तर तुम्हीही दोर सोडून बघा आणि पाणी किती हातांवर लागलं तेवढं इथं लिहा, मी वहीत उतरवून ठेवतेय.