वाशिष्ठीला ‘माणसाचे हक्क’ मिळालेले नाहीत

‘कोर्टाने नद्यांना माणसाचे हक्क दिले, आता वाशिष्ठीच्या नावाने कुणीही दावा लावा’ हा चिपळूण-खेडात फिरणारा मेसेज चुकीचा आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवलं. ७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोकणातली नदी त्यात नव्हतीच.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाच्या) पुणे खंडपीठाकडे मात्र गावकरी नदीच्या प्रदूषणाबद्दल स्वतःच्या नावाने जाऊ शकतात. पर्यावरणाच्या वादासाठी मुदत कारण घडल्यापासून ६ महिने, नुकसानभरपाईसाठी ५ वर्षं; फार तर आणखी ६० दिवस. घोडं बहुतेकदा इथेच अडतं.

दुसरी अडचण पुराव्याची. नदीत मासे मेले की लोक बाटलीत पाणी भरून ठेवतात. पण १९७४च्या जल कायद्याखालच्या खटल्यात कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण मंडळाने नोटीस देऊन, सीलबंद करून घेतलेला लागतो. म्हणून त्याच दिवशी मंडळाला लेखी कळवा.