डावा पंख कोणाचा?

विमान उडवण्याचा छंद आमच्या मामांना आहे आणि त्या विमानाला पंख बसवण्याचे काम माझ्याकडे आहे. हे विमान म्हणजे अमेरिकेत 1938 ते 1947 या काळात तयार झालेल्या पाइपर जे-थ्री कब या पिवळ्या, दोन आसनी विमानाची चतुर्थांश मापाची, रेडिओवर चालणारी प्रतिकृती. मूळ विमानाचा पंखविस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास, तेव्हा प्रतिकृतीचा सुमारे 2.7 मीटर होतो. मोठ्या मॉडेल विमानांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशेबात एकपंखी विमान 80 इंचांचे झाले की ते ‘जायंट’ ठरते. मामांचे 106 इंच भरते आणि हा आकडा पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावा लागतो.

रामबागेतल्या त्यांच्या घराचा जिना आणि त्यांची मोटार या दोहोंत एवढी लांब वस्तू मावत नाही. म्हणून पंखाचे दोन भाग केलेले असतात. विमानाच्या रचनेतील ही एकमेव गोष्ट अशी आहे की जी वाऱ्याचा नव्हे, डिकीचा विचार करून ठरवली जाते, आणि पुढचे सगळे क्लेश तिच्यातूनच निघतात.

इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणून आम्ही पूर्वेला, बायपासच्या पलीकडे, गहू निघून गेलेल्या रानात जातो. 2021च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर तो भाग हिरवा, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येण्याजोगा, आहे की नाही, हे मामा निघण्यापूर्वी पाहतात. खऱ्या विमानांना आपल्यापासून धोका नको, असे ते गंभीरपणे म्हणतात. पंख बसेपर्यंत आमचे विमान जमिनीवरच असल्यामुळे तो धोका तसाही बेताचाच असतो.

पहिला प्रश्न डाव्या-उजव्याचा. विमानाचा डावा पंख म्हणजे आत बसून नाकाकडे पाहणाऱ्या वैमानिकाचा डावा, हे जगभर ठरलेले आहे. मामा मात्र नाकापाशी, शेपटाकडे तोंड करून उभे असतात आणि “डावा आण” म्हणताना स्वतःचा हात हलवतात. खऱ्या विमानाच्या डाव्या टोकाला तांबडा आणि उजव्या टोकाला हिरवा दिवा असतो, हे आठवून मी दोन्ही पंखांच्या मुळाशी त्या त्या रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या. आता मामा “तांबडा आण” म्हणतात, मी तो आणतो, आणि तांबडा कोणत्या बाजूला लागतो यावर आमचा वाद होतो.

त्यानंतर नळी. अंगठ्याएवढ्या जाडीची अॅल्युमिनियमची नळी विमानाच्या पोटातून आरपार जाते आणि दोन्ही पंख तिच्यावर दोन बाजूंनी सरकवायचे असतात. घरी, बैठकीच्या खोलीत, ती लोण्यातून सुरी जावी तशी जाते. रानात ती अर्ध्यावर अडते. उन्हाने धातू फुगला, हे मामांचे निदान. तापमान वीस अंशांनी वाढले तरी एवढ्या नळीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकीच वाढते, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. त्यावर “तेवढ्यानेच अडते” असे उत्तर मिळाले. वास्तविक अडवते ती माळव्याच्या काळ्या मातीची धूळ, आणि ती पुसायचे फडके नेमके घरी राहिलेले असते, कारण मामींना ते स्वयंपाकघरात हवे असते.

पंख शेवटच्या चार बोटांवर आला की खरी परीक्षा सुरू होते. एका हाताने पंख पेलायचा, दुसऱ्याने तो मागेपुढे फिरू नये म्हणून असलेली छोटी खुंटी तिच्या भोकात आणायची, आणि तिसऱ्या हाताने एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या फळीच्या, सर्व्होची (ती हलवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर विमानाच्या पोटात ओढून घ्यायची, नाहीतर ती फटीत चेंगरते. तिसरा हात मामांचा असावा अशी अपेक्षा असते. पण मामांच्या हातांत रिमोट असतो आणि तो ते खाली ठेवत नाहीत, कारण खाली धूळ असते.

मग केबिनच्या इवल्याशा दारातून बोटे घालून आतून नायलॉनचे बोल्ट लावायचे. ते नायलॉनचे अशासाठी, की अपघातात बोल्ट तुटावा आणि पंख वाचावा. “घट्ट कर, पण आवळू नकोस,” असे मामा सांगतात. या दोहोंमधील अंतर त्यांना आवाजावरून कळते आणि मला बोल्ट तुटल्यावर कळते. पंखाखालचे तिरपे दांडे, त्यांच्या पिना, गुरुत्वमध्य जागेवर यावा म्हणून बॅटरीचे पुढेमागे सरकणे, रिमोटवरची काडी उजवीकडे नेल्यावर उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली जाते की नाही याची तपासणी, हे सगळे त्यामानाने सुखाचे.

एव्हाना बांधावर माणसे जमलेली असतात. मागच्या रविवारी त्यांच्यातल्या एका पोराने विचारले, “भिया, ये उड़ेगा कब?” मामा प्रसन्न होऊन म्हणाले, “हाँ बेटा, कब ही है। पायपर कब.” पोराने माझ्याकडे पाहिले. मी बोल्टाकडे पाहिले.

इतक्यात दहा वाजतात आणि वारा उठतो. एवढा मोठा, हलका पंख वाऱ्यात उभ्या उभ्याच उडायला पाहतो, म्हणून मी त्याच्या टोकावर हात ठेवून उभा राहतो, आणि मामा आकाशाकडे बघून “काढ पंख” म्हणतात. सकाळभर आत जायला तयार नसलेली नळी आता बाहेर यायला तयार नसते. तो वेळ मामा निष्फळ घालवत नाहीत. मागच्या खेपेस, मी पंख हलवत ओढत असताना, त्यांनी पुढचे मॉडेल टायगर मॉथचे करायचे ठरवल्याचे सांगितले. ते दुपंखी आहे. म्हणजे वर दोन, खाली दोन, आणि मध्ये ताणाच्या तारा. मी नळी ओढता ओढता थांबून तारा कोण लावणार, असे विचारले. “अरे, तुला आता सवय झाली आहे,” असे म्हणून मामांनी रिमोट दुसऱ्या हातात घेतला.