"ताई, फुकटचं नको"

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिणार नव्हते. पण दोनदा चहा करून प्याले तरी निवळलं नाही, तेव्हा आता सोसा.

आमचा संगीत शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, मडगाव, सगळीकडची मंडळी. चवथ जवळ आली की तिथे आरत्यांची, अभंगांची नोटेशन्स फिरायला लागतात. आज एका सरांनी लिंक टाकली. नोटेशन लिहायचं एक महागडं सॉफ्टवेअर, कुलूप तोडलेलं. "लगेच उतरवून घ्या, उद्या लिंक जाईल." खाली अंगठ्यांची रांग. जोडलेले हात. एकाने तर गुलाबाची फुलं वाहिली.

मी लिहिलं, अहो सर, चोरायचं कशाला? म्यूझस्कोर आहे, लिलिपाँड आहे. दोन्ही मोफत, राजरोस मोफत. ते घ्या की. दोन मिनिटांत उत्तर आलं: "ताई, फुकटचं नको. प्रोफेशनल पाहिजे."

म्हणजे चोरलेलं ते प्रोफेशनल आणि कुणी आपण होऊन हातावर ठेवलेलं ते फुकटचं! फोन पालथा घातला आणि पोहे निवडत बसले. पोह्यांत निवडण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या बाबांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दिवसा खाणीच्या ऑफिसात कारकुनी, रात्री देवळात पेटी. अभंग, आरत्या, नाट्यपदं, सगळं भातखंडे पद्धतीने, म्हणजे सा-रे-ग-म च्या अक्षरांत खुणा घालून लिहिलेलं. निळ्या शाईत स्वर, लाल पेन्सिलीने ताल. कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर. एका मात्रेत दोन स्वर आले की खाली अर्धचंद्र. समेला फुली, खालीला शून्य. आणि मुख्य अक्षराच्या डाव्या खांद्यावर, मुंगीएवढे, कण स्वर, मुख्य स्वराआधी नुसते स्पर्शून जाणारे.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. दर पावसाळ्यात वह्यांवर बुरशी चढते, दर पावसाळ्यात शाई थोडी आणखी फुटते. म्हणून टाइप करायला घेतल्या. आधी साध्या देवनागरीत करून पाहिलं. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना माहीत आहे त्यात काय काय जुगाड असतात. वेदमंत्रांसाठी ठेवलेली आडवी रेघ कोमलाला लावायची, तिथलीच उभी रेघ तीव्र मध्यमाला, उर्दू शब्दांचा नुक्ता मंद्र सप्तकाला, आणि तार षड्ज म्हणून चक्क अनुस्वार. माझ्या लॅपटॉपवर छान दिसायचं. दुसऱ्याच्या फोनवर उघडलं की टिंबं गळून पडलेली आणि मंद्रातला निषाद मध्य सप्तकात चढून बसलेला. मात्रांचे खांब तर कधी एका ओळीत आलेच नाहीत.

मग लिलिपाँडकडे वळले. माउस धरून स्वर बसवायचे असा प्रकार नाही तिथे. मजकूर लिहायचा, तिरक्या रेघा आणि महिरपी कंस घालून, आणि मग त्याचं पान बनतं. एक कंस विसरला की शिव्या खायच्या. दोघा डच तरुणांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम. संगणकाने छापलेली स्वरलिपी त्यांना निर्जीव वाटायची. जुने कारागीर धातूच्या पत्र्यावर हाताने कोरायचे तशी ती दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तेव्हापासून कोण कोण येतं, आपापलं दुखणं दुरुस्त करतं आणि दुरुस्ती सगळ्यांसाठी ठेवून जातं.

माझा कण स्वर काही केल्या जागेवर बसेना. रात्री दीड वाजता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, ते काम करणाऱ्या मंडळींना लिहिलं. सोबत बाबांच्या वहीच्या पानाचा फोटो. सकाळी उत्तर आलेलं. एक निवृत्त गृहस्थ, थंड देशातले, गावच्या बँडमध्ये हॉर्न वाजवणारे. हिंदुस्थानी संगीताचा गंध नाही. त्यांनी विचारलं काय, तर: "खांद्यावरचं छोटं अक्षर मोठ्या अक्षराच्या आधी गायचं का? आणि त्याला लागणारा वेळ कुणाच्या वाट्यातून जातो?"

मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले. वीस वर्षं मी त्या घरात पेटी ऐकत होते. आईने ऐकली, भावाने ऐकली, अख्ख्या मंडळाने ऐकली. हा प्रश्न बाबांना कुणी विचारला नाही. मीही नाही. (मला मंडळात वाजवू देत नव्हते म्हणून मी रुसून होते, ती वेगळी गोष्ट. म्हणजे वेगळी नाहीच, पण आज नको.)

उत्तर मलाही धड येईना. मग बाबांच्या मंडळातल्या काकांकडे गेले. ऐंशी ओलांडलेले, बोटं वाकडी झालेली. ओळ वाचून दाखवली, त्यांनी पेटीवर दोनदा वाजवली. "वेळ कसला गो? हात लावायचा आणि सुटायचं." फोनवर रेकॉर्ड करून पाठवून दिलं. चौथ्या दिवशी तिकडून छोटासा प्रोग्राम लिहून आला. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा अदृश्य, त्यांच्या जागी मात्रांचे खांब, स्वर गाण्याच्या शब्दांसारखे खाली बसवलेले, आणि कण बरोबर डाव्या खांद्यावर, मूळ स्वराला जराही न ढकलता. शेवटी एक ओळ: "रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत काहीतरी वाजतं आहे. तो पाऊस आहे का?"

पाऊसच होता. काकांच्या पडवीला पत्रे आहेत.

आता हे फुकटचं?

भाऊ म्हणतो, "तुका कितें मेळटा गो तातूंत?" कारण नंतर मीही त्यात उतरले. एका नोटेशन प्रोग्रामच्या (नाव सांगणार नाही) मराठी भाषांतरात. तिथे आधी कुणीतरी सगळे शब्द यंत्रातून काढून ओतून ठेवले होते. ऐका. पाच रेघांच्या स्टाफला "कर्मचारी". शार्पला "धारदार". दोन स्वर जोडणाऱ्या टायला "गळपट्टा". स्वर उतरवणाऱ्या फ्लॅटला "सदनिका"! हसून झाल्यावर रडू आलं, कारण ते निस्तरणारे आम्ही दोघंच. मी आणि विदर्भातला एक इंजिनिअर मुलगा, ज्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही. फ्लॅटला "कोमल" लिहू या, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, पंचमालाही फ्लॅट लागतो तिकडे, आपल्याकडे पंचम कधी कोमल होत नाही. "कोमल पंचम" लिहिलंस तर माझे गुरुजी स्वर्गातून चप्पल फेकतील. तीन आठवडे वाद. शेवटी फ्लॅटला फ्लॅटच ठेवलं. उलट दोन उभ्या रेघांमधल्या मेझरला मला "आवर्तन" हवं होतं, तो म्हणाला "विभाग", आणि त्याचंच बरोबर होतं. तीनतालाच्या एका आवर्तनात चार विभाग असतात, हे मी, शिक्षिका, वादाच्या भरात विसरले.

काय मेळटा? काही नाही. चवथीला दारोदार घुमट (आपलं मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरती करत फिरणाऱ्या पोरांना काय मिळतं रे? पंचखाद्य आणि दोन नेवऱ्या. घुमटावरच्या पोरांचे तळवे लाल झालेले, शामेळवाला घामाघूम, कांसाळ्यांनी कानठळ्या. त्यांना विचारलंस कधी? वास्कोला दामबाबाच्या (दामोदराच्या) सप्ताहात चोवीस तास भजन तुटत नाही. एक पार, म्हणजे भजनाचा गट, उठतो, दुसरा बसतो. तिथे पेटीवाल्याला कुणी म्हणतं का, "फुकटचा दिसतो, प्रोफेशनल आणा"? आपल्याच गावात, आपल्याच देवळात आपण हे जन्मापासून बघतोय. तेच लॅपटॉपच्या पडद्यावर आलं की लगेच फुकटचं!

आणि सगळ्यात चीड येते ती याची की हे गोव्यात घडतंय. पाद्रींच्या शाळांत शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईच्या सिनेमाची गाणी कागदावर उतरवली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार गुणगुणायचा, हे लिहायचे, अख्खा वाद्यवृंद ते वाचून वाजवायचा. एका वाड्यावर पाच रेघा आणि शेजारच्या वाड्यावर भातखंडे, असं दुसरं कुठलं गाव दाखवा मला. दोन्ही लिप्या एका पानावर आणायचं काम आपण करायला हवं होतं. आपण लिंका वाटतोय.

बरं, बाजू दुसरीही आहे, लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये याल. म्यूझस्कोरमागे आज कंपनी आहे, पगारी माणसं आहेत, सगळंच काही सेवाभावाने चालत नाही. आहे. वेर्नर श्वीअर या जर्मन माणसाने २००२ मध्ये दुसऱ्या एका प्रोग्राममधून नोटेशनचा भाग वेगळा काढून सुरुवात केली, तेव्हा नव्हती. लिलिपाँड शिकायला कटकटीचं आहे. मान्य. कागदावर गाणं उतरत नाही, हेही मान्य, हे तर भातखंड्यांनाही घराणेवाल्यांनी ऐकवलंच होतं. तरी तो वकील माणूस गावोगाव फिरला, उस्तादांकडून चिजा (बंदिशी) मिळवल्या, क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले, आणि आज जे त्यांना नावं ठेवतात त्यांच्याही कपाटात ते सापडतात. चिजा लपवून ठेवायच्या ही आपली खोड जुनी आहे. आमच्या ग्रुपवरही बघा, चोरलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांना वाटतील, पण "सर, त्या आरतीचं नोटेशन द्याल का" म्हटलं की दोन निळ्या टिका आणि शांतता.

आणि प्रोफेशनलचं म्हणाल, तर फिनाले हे नाव ऐकलंय ना? पस्तीस वर्षं जगभरचे लोक त्यावर लिहीत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुढे काम नाही. पैसे मोजलेल्या लोकांनीही कपाळाला हात लावला. लिलिपाँड कुणाला असं एका सकाळी बंद करता येणार नाही. त्याची सगळी आतडी उघड्यावर आहेत, कुणीही उचलून पुढे न्यावी.

इथवर लिहून एकदा जेवून आले. सर, तुम्ही हे वाचत असाल तर, राग तुमच्यावर एकट्यावर नाही. तुम्ही मुलांना बिनपैशाने तबला शिकवता हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं. तुमच्या शिकवण्याला कुणी फुकटचं म्हटलं तर मी भांडायला पहिली उभी राहीन.

आता कामाचं. पहिली वही पूर्ण झाली, दुसरी अर्ध्यावर आहे. तिथे एका ठिकाणी अडलेय. बाबांनी काही धैवतांभोवती लाल पेन्सिलीने गोल केलाय. तीन वह्यांत मिळून अकरा वेळा, नेहमी धैवतच आणि नेहमी अंतऱ्यात. ही भातखंड्यांची खूण नाही, दुसऱ्या स्वरलिपीवाल्या पलुस्करांचीही नाही. हॉर्नवाल्या गृहस्थांनी परवा विचारलं, "हा गोल कशाचा?" मी सांगितलं, शोधते. काकांना विचारलं तर ते पेटीवर बराच वेळ ती ओळ वाजवत राहिले आणि म्हणाले, ह्या ठिकाणी तुझा बाबा मान वर करून कुणाकडे तरी बघायचा. कुणाकडे ते त्यांना आठवेना. मृदंगवाल्याकडे असेल, नाहीतर बायकांच्या बाजूला.

पानाचा फोटो खाली टाकलाय. बाबांबरोबर सप्ताहाला रात्री कुणी बसलं असेल, किंवा तुमच्या घरच्या जुन्या वहीत असाच गोल दिसत असेल, तर सांगा. रात्री कितीही वाजता फोन केलात तरी चालेल.